अर्धं साक्षीला

१

तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली तिची. जिन्यापासून, चहाच्या यंत्रापासून, माणसांच्या येण्याजाण्यापासून सगळ्यात लांब. ती मुद्दामच तशी निवडलेली होती, कारण त्या खोलीला कसलाही वास असून चालणार नव्हतं. फरशी नुसत्या गरम पाण्याने पुसायची. फुलं आणायची नाहीत. कोणी अत्तर मारून आलं तर त्याने दारातूनच काय ते बोलायचं. ती स्वतः कामाच्या दिवशी केसांना तेलाचं बोटही लावत नसे. आत एक टेबल, त्यावर फोन, एक खुर्ची, पांढऱ्या बशा, कोमट पाण्याचा थर्मास, बिनमिठाची बिस्किटं, पातळ पात्याची सुरी आणि भिंतीला टेकून उभं असलेलं एक उंच लोखंडी कपाट. बस्स, एवढंच.

कंपनी परदेशातून उंची खाऊ मागवायची आणि सणासुदीच्या भेटीच्या पेट्या बांधायची. मोठमोठी ऑफिसं त्या पेट्या आपल्या लोकांना वाटायची. कोणत्या पेटीत काय जायचं ते ती चाखून ठरवायची. चौदा वर्षं हेच काम. म्हणून सगळे तिला चाखणीताई म्हणत. तळमजल्यावर गोदाम सांभाळणारे गोदाममामा तर म्हणायचे, "ताई, जिभेचा विमा उतरवून ठेवा. आम्हा सगळ्यांचं पोट तिच्यावर आहे."

चाखायची एक रीत होती आणि ती तिनेच घालून दिलेली होती. प्रत्येक चॉकलेटचे सुरीने बरोबर दोन भाग करायचे. अर्धं तोंडात, अर्धं साक्षीला. साक्षीचं अर्धं चंदेरी कागदात गुंडाळायचं, चारही कोपरे आत दुमडायचे, नंबराची चिठ्ठी लावायची आणि लोखंडी कपाटात ठेवायचं. पुढे चार महिन्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली की ते अर्धं काढून दाखवता यायचं. त्या कपाटाला किल्ली एकच, आणि ती तिच्या जुडग्यात, घराच्या किल्लीशेजारी. जुडग्याला एक मोठं लाकडी बटण बांधलेलं होतं. ते तिच्या लेकीने लहानपणी बांधलं होतं, आई किल्ल्या विसरते म्हणून.

यंदाही सगळं तसंच होतं. अडचण एकच होती, की तिला चव येत नव्हती.

२

दीड महिन्यापूर्वी तिला ताप आला होता. चार दिवसांत उतरला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. लिंबाची फोड चोखली तर ओलं आणि गार एवढंच कळायचं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, एखाद्याची येतही नाही.

ऑफिसात तिने हे कोणालाच सांगितलं नाही. चॉकलेट मोडताना आवाज कसा येतो, वर चकाकी आहे की पांढुरकी साय, बोटाच्या उबेने किती वेळात विरघळतं, यावरून ती अंदाज बांधायची. बाकीचं जुन्या वह्यांमधून उतरवायची. 'मागाहून जिभेवर भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा रेंगाळतो,' असं लिहिताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. पण लिहायची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं.

खरं काय ते फक्त लेकीला माहीत होतं. पंधरा वर्षांची ती पोर कुठलीही गोष्ट हुंगल्याशिवाय तोंडात घालायची नाही, म्हणून तिचं घरातलं नाव मनी. आई कामावरून आली की मनी तिच्या कानामागे नाक खुपसायची आणि दिवसभराचा हिशेब सांगायची. "आज संत्र्याची साल. आणि गोदाममामांची तपकीर. आणि मध्ये कुठेतरी तू रडलीस." हे शेवटचं तिला कसं कळायचं कोण जाणे.

पूर्वी तीही लेकीच्या केसांत नाक घालायची. हल्लीही घालायची, पण तिथे काही नसायचं. काचेला नाक लावल्यासारखं व्हायचं. आपलं पोर कुशीत असून आपल्यापर्यंत पोचत नाही, हे तिच्या काळजाला फार लागलं होतं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण रात्री उशी ओली व्हायची ती या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मनीलाही आईची रीत लागली होती. घरात काही गोडधोड आलं, की ती सुरी घेऊन बरोबर दोन भाग करायची. अर्धं स्वतःला, अर्धं बशीत, वर वाटी उपडी. ते आईचं. शेजारची कोणी मैत्रीण आली तरी त्याला हात लावायची तिची प्राज्ञा नसायची.

३

सोमवारी सकाळी साहेबांनी स्वतः पेटी वर आणून दिली. गडद निळी, जाड पुठ्ठ्याची, आत दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा खण. बेल्जियममधल्या एका लहानशा घरगुती कारखान्याची चॉकलेटं. साहेब त्यांच्यावर लट्टू झाले होते. आठशे पेट्या मागवून गोदामात उतरवल्यासुद्धा होत्या. रोज तीन, कारण तीनच्या पुढे जीभ थकते. म्हणजे गुरुवारी बारा पुरी, आणि गुरुवारीच सही.

पेटीबरोबर नावांची यादी होती. तिने खणांवर बोट ठेवत मोजलं. नावं अकरा होती. बाराव्या खणातलं चॉकलेट गोल, साधं, नक्षीशिवाय. साहेब म्हणाले, छापायचं राहिलं असेल, खाऊन तुम्हीच ठेवा काहीतरी नाव.

पहिलं हेझलनटचं. टच्च आवाज छान झाला. तोंडात मेण. दुसरं संत्र्याच्या सालीचं. मेणच. तिने दोघांचीही वाक्यं जुन्या वहीतून उतरवली, पाणी प्यायली आणि तिसरं, समुद्री मिठाच्या कॅरॅमलचं, अर्धं करून जिभेवर ठेवलं.

आणि तिला चव आली.

ती मिठाची नव्हती, साखरेचीही नव्हती. लाकूड होतं त्यात, डांबराची गोळी होती, उन्हात वाळलेलं लोकरीचं कापड होतं, आणि खाली, अगदी खाली, झोपलेल्या माणसांची ऊब. तिला ओळखायला क्षणभरही लागला नाही. हे त्यांच्या घरातलं पांघरुणांचं कपाट होतं. दार उघडल्यावर तोंडावर येणारा पहिला श्वास.

ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आलं, परत आलं. नाक आणि जीभ परत येताना वाट चुकतात, काहीच्या काही वास येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच की. तिने तिसऱ्यापुढे 'अत्युत्तम' लिहिलं, साक्षीची तिन्ही अर्धी कागदात दुमडली आणि कपाटाला किल्ली लावली. मग घाईघाईने थर्मासचं झाकण हुंगलं, स्वतःचा पदर हुंगला. कशालाच काही वास नव्हता.

४

घरी आल्याआल्या ती पांघरुणांच्या कपाटाशी गेली आणि दार उघडून आत तोंड घातलं. काही नाही. निराश व्हायचं नाही, असं तिने मनाला बजावलं. हळूहळू येईल.

मनी मागून आली, तिच्या काखेतून मान पुढे काढून हुंगू लागली आणि थांबली.

"आई, कपाट कशाने पुसलंस?"

"मी कुठे पुसलंय?"

"मग याचा वास कुठे गेला?" तिने एक रजई ओढून नाकाला लावली, मग दुसरी. "काहीच येत नाही. धुतल्याचासुद्धा नाही."

आईने हसून म्हटलं, की तुलाही माझ्यासारखं झालं वाटतं. मनी म्हणाली, छे, शेजारी कांदा जळतोय, इथून कळतंय की. दोघींनी रजया परत घडी करून ठेवल्या. डांबराच्या गोळ्या जुन्या झाल्या असतील, यावर बोलणं मिटलं.

पण झोपताना रजई अंगावर घेतल्यावर मनी बराच वेळ चुळबुळत राहिली. शेवटी म्हणाली, परक्या घरात झोपल्यासारखं वाटतंय.

५

मंगळवारी ती वेळेच्या आधी खोलीत जाऊन बसली. भूक लागलेल्या माणसासारखी तिने बशी पुढे ओढली.

चौथं मेण. पाचव्याचा, कडू गनाशचा म्हणजे सायीत घोटलेल्या मऊ चॉकलेटचा, सुरी मारताच तिला अंदाज आला होता; तोंडात ठेवलं आणि ती खुर्चीत ताठ झाली. छपाईची शाई. पेपरमिंटची गोळी. मानेवरचा घाम, वाळलेला, पुन्हा ओला झालेला, पुन्हा वाळलेला. नवऱ्याचा कोट. तो छापखान्यात होता आणि त्याचा तपकिरी कोट अजून दारामागच्या खुंटीला होता. मनी रोज शाळेला निघताना त्यात तोंड खुपसून उभी राहायची, मनात पाच आकडे मोजायची आणि मगच दप्तर उचलायची.

तिने ते जिभेवर जितका वेळ धरवेल तितका वेळ धरलं. विरघळून संपलं तेव्हा तिला आपण काही गिळलंय याची लाज वाटली.

सहावं तिने नुसतं उरकलं. साक्षीची अर्धी ठेवायला कपाटाजवळ गेली तेव्हा आतून आवाज आला. चंदेरी कागद चुरगळल्याचा, हलका. थांबला. पुन्हा आला, जसं कोणी कागद न फाडता घडी उलगडायचा प्रयत्न करतंय.

ती किल्ली हातात धरून उभी राहिली. कपाट आतून थंड ठेवलेलं असतं, तिने स्वतःला समजावलं. गारठ्याने कागद आकसतो, आवाज होणारच. चौदा वर्षांत तो आवाज कधी आला नव्हता ही गोष्ट तिने मनात येऊ दिली नाही. दार उघडलं. तीन पुड्या जशा ठेवल्या तशा. तिने नव्या तीन ठेवल्या. हात बाहेर काढताना कालच्या एका पुडीला बोट लागलं, ती कोमट होती.

६

कोटाचं मनीला त्याच संध्याकाळी कळलं. तिची कसलीशी परीक्षा होती, वाईट गेली होती, म्हणून ती कोटाशी गेली होती. आई घरी पोचली तेव्हा मनी जमिनीवर बसली होती आणि कोट मांडीवर होता, खिसे बाहेर ओढलेले, अस्तर उलटं केलेलं.

"धुतलास?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मनी, मी त्याला हातही लावला नाही गं."

"बघ ना हुंगून."

आईला हुंगता येत नाही हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने ओठ चावला. मग तिने कोट नीट झटकून खुंटीला अडकवला.

चाखणीताईंना त्या रात्री स्वतःशीच वाद घालावा लागला. चॉकलेट खाल्ल्याने दारामागच्या कोटाचा वास जातो, असं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ती हसली असती. वास कधीतरी उडतातच. तीन वर्षं टिकला हेच नवल. आणि जिभेला त्याचीच चव यावी, कारण तिच्या मनात तोच होता. एकेक कारण पटत होतं. सगळी एकत्र ठेवली की एकही टिकत नव्हतं.

आता उद्या चाखायचं नाही, असं तिने ठरवलं. ठरवताना तिला पक्कं माहीत होतं, की आपण चाखणार आहोत.

७

बुधवारी सातवं आणि आठवं मेण निघालं, तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला राग आला. बशीत नववं होतं, कॉफीचं. ती उठली, खिडकीशी गेली, खाली गोदामाच्या दारात मामा कोणाला तरी पेट्या मोजून देत होते ते पाहिलं, परत येऊन बसली. साहेबांना सांगावं, मला चव येत नाही, माझ्या जागी दुसरं कोणी बघा. हे वाक्य तिने दोनदा पुटपुटलंही. त्यात सगळं होतं, सुटकासुद्धा.

मग तिने सुरी उचलली.

या वेळी तो कोट नव्हता, तो स्वतः होता. सकाळचा, दाढीच्या साबणाचा, अर्धवट झोपेतला, तिच्या कपाळाशी येऊन हसणारा. हसण्याला चव असते हे तिला तोवर माहीत नव्हतं. ती होती, गालाच्या आतल्या बाजूला, गरम, थोडी खारट. तीन वर्षांत पहिल्यांदा ती एकटी नव्हती. हे सगळं कुठून निघून येतंय, याचा विचार तिने जाणूनबुजून केला नाही.

संध्याकाळी मनी वही पुढ्यात घेऊन शून्यात बघत बसली होती.

"आई, बाबा हसायचे कसे?"

"म्हणजे?"

"दुपारपासून आठवतेय. तोंड आठवतं, फोटोतलं. हसायचे ते आठवतच नाही. मोठ्याने हसायचे की हळू? तू सांग ना."

तिने सांगितलं. मोठ्याने, आधी खोकल्यासारखं, मग मान मागे टाकून. नक्कल करून दाखवली. मनी लक्ष देऊन बघत होती, दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तशी. मग तिचे डोळे भरून आले.

"नाही आठवत गं," ती म्हणाली. "आता आपल्याकडे एकमेकींशिवाय कोणी उरलं नाही ना?"

चाखणीताईंनी लेकीला जवळ घेतलं. मनीने सवयीने तिच्या कानामागे नाक नेलं, दीर्घ श्वास घेतला आणि सैल झाली. "तुझा येतोय," ती म्हणाली. "तुझा आहे."

८

गुरुवारी तिने बशी पुढे ओढलीच नाही. पेटीत तीन चॉकलेटं होती. दहावं, अकरावं आणि ते बिननावाचं बारावं.

बाराव्याच्या नुसत्या जवळ गेल्यावरच तिला वास आला. जिभेवर ठेवावंही लागलं नाही. दूध, तापात घामेजलेलं डोकं, पेन्सिलीचा भुसा, शाळेतून धावत आल्यावरची धूळ, कापलेली नखं. तिच्या नाकात तो वास सरळ शिरला, दीड महिना ज्याच्यासाठी ती तळमळत होती तो. मनी. पंधरा वर्षांची सगळी मनी एका गोल तुकड्यात.

तोंडाला पाणी सुटलं. आपल्या तोंडाला पाणी सुटलंय हे कळताच तिने दोन्ही हातांनी पेटीचं झाकण दाबून लावलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नाही. हे नाही. चव नको, नोकरी नको, आयुष्यभर तोंडात मेण राहिलं तरी चालेल.

मग तिच्या मनात आलं ते साक्षीचं. गेलेल्या प्रत्येक गोष्टीचं अर्धं तर कपाटात आहे. ते मनीला खाऊ घातलं तर? कोट परत येईल, हसणं परत येईल. वेड्यासारखा विचार होता, पण चार दिवसांत शहाणपणाने काय साधलं होतं? तिने किल्ली फिरवून दार उघडलं आणि नवव्या नंबराची पुडी काढली.

कागदाची घडी तिचीच होती, चारही कोपरे आत. आत अर्धं चॉकलेट होतं. पण अर्धं नव्हतं. सुरीने सरळ कापलेल्या कडेवर दात लागलेले होते. कोणीतरी चावा घेतला होता आणि पुडी पुन्हा तितक्याच निगुतीने बांधली होती.

तिने पाचवी उघडली. चावा. तिसरी उघडली. चावा. तिन्हींवर दातांचे ठसे स्वच्छ उमटले होते आणि प्रत्येक ठशात मधोमध एक बारीक उंचवटा राहिला होता. जिथे वरचा दात चॉकलेटला पोचलाच नव्हता.

तिची जीभ आपोआप पुढच्या दाताकडे गेली. लहानपणी अक्रोड फोडताना त्याचा कोपरा उडाला होता.

मीच खाल्लं असेन, ती स्वतःला म्हणाली. तापाने डोकं ठिकाणावर नाही, खाल्लं आणि विसरले. किल्ली माझ्याकडेच तर आहे. दुसरं कोण खाणार? या विचाराने तिला बरं वाटलं नाही. कारण कपाटाच्या खालच्या फळीवर, मागे, आणखी एक पुडी होती, जी तिने ठेवलेली नव्हती. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात बारा. तिने ती चिमटीत धरली. रिकामी होती. चारही कोपरे आत दुमडून, कोणाच्या तरी अर्ध्याची वाट बघत.

टेबलावरचा फोन वाजला. खालून गोदाममामा होते, खुशीत. पहिला टेम्पो उद्या निघेल म्हणाले, सहीचं तेवढं बघा. "आणि ताई, तुमची पेटी सकाळीच पोचवली बरं का घरी. साहेबांचा नियम, पहिली पेटी चाखणारणीच्या घरी. तुमची मनी घरीच होती, सुट्टी आहे म्हणाली. पेटी बघून काय खूष झाली."

"कधी?" तिने विचारलं.

"झाले की दोन तास."

तिने फोन ठेवला की तो तसाच लोंबत राहिला, तिला आठवलं नाही. जिने कसे उतरली तेही नाही. रस्त्याच्या वळणावर आल्यावर तिने जुडग्यासाठी पिशवीत हात घातला, आणि किल्ल्या कपाटाच्या कुलपातच राहिल्या हे तिच्या लक्षात आलं. दार सताड उघडं. परत जायला वेळ नव्हता.

९

घराची बेल तिने तीनदा दाबली. आत पावलं वाजली, मनीची, अनवाणी, धावती. जिवंत आहे, धडधाकट आहे. तिला रडू फुटलं.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून मनीने पाहिलं.

"कोण हवंय?"

"मनी, मी गं. किल्ल्या विसरले."

मनीच्या कपाळावर आठी पडली. ती किंचित पुढे झाली, आणि सवयीने, न कळत, तिची नाकपुडी हलली. एकदा, दोनदा. मग ती मागे सरकली.

"आईच्या ऑफिसमधून आलात का? बरं नाही का वाटत तुम्हाला?" तिने साखळी काढली. दाराशी रडणाऱ्या बाईला बाहेर उभं ठेवेल अशी ती नव्हती, आईने तिला तसं शिकवलंच नव्हतं. "बसा. पाणी आणते."

टेबलावर निळी पेटी उघडी होती. अकरा खण भरलेले. बारावा रिकामा. शेजारी सुरी, पुसून ठेवलेली, आणि बशीवर उपडी वाटी.

तिने काय काय सांगितलं. कोटाच्या अस्तराला कुठे ठिगळ आहे ते. लाकडी बटण कुठल्या फ्रॉकचं होतं ते. मनी कितव्या महिन्यात चालायला लागली, कोणत्या पायाने. मनी पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होती. चेहऱ्यावर भीती होती, पण तीही सभ्य.

"आई बरीच बोलते वाटतं आमच्याबद्दल," ती म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून पेटीकडे बोट केलं. "तुम्हीच निवडता का हे? मी बिननावाचं आधी खाल्लं. असं कधी खाल्लं नव्हतं. कशाची चव तेच सांगता येत नाही. रडूच आलं मला. खूप ओळखीचं होतं, आणि आता आठवायला गेलं तर..." ती थांबली. हाताचं मनगट नाकाशी नेऊन हुंगलं, हरवलेलं काही तिथे सापडेल तसं.

चाखणीताईंनी वाटीकडे हात नेला. वाटी उचलली. खाली अर्धं होतं, सुरीने सरळ कापलेलं, आणि त्याचा वास आला तेव्हा तो कोणाचा आहे हे तिला पटकन कळेना, कारण तो वास माणसाला कधीच येत नसतो. स्वतःच्या उशीचा. स्वतःच्या मानेचा. तिला वाटलं, हे खाल्लं तर कदाचित. किंवा हे खाल्लं तर काहीच उरणार नाही. बोटं त्याच्यापर्यंत पोचली.

मनीने बशी ओढून घेतली. उद्धटपणे नाही, पण घट्ट.

"ते नका घेऊ," ती म्हणाली. "बाकीची अकरा आहेत, कोणतंही घ्या. हे अर्धं आईचं. ती येईलच इतक्यात."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थकलेली, एका लयीत, चौथ्या पायरीवर किंचित थांबणारी. तीही तिथेच थांबायची, रोज, दम घ्यायला. मग दाराबाहेर लाकडाचा लाकडावर टकटक असा बारीक आवाज झाला. किल्ली भोकात घालताना ते बटण नेहमी दारावर आपटायचं.

"मनी, दार उघडू नकोस," ती म्हणाली.

मनीने ऐकलंच नाही. किल्ली फिरली, दार बोटभर आत आलं, आणि त्या फटीतून माणसाच्या आधी वास आला. उशीचा, मानेचा, कानामागचा. मनीने खोल श्वास घेतला. चार दिवस ओढलेला तिचा चेहरा एकदम उजळला, आणि दोन्ही हातांत बशी सांभाळत ती दाराकडे धावली.